यांना सांगतंय कोण?

माझ्या लॅबच्या मागच्या खोलीत एक लाकडी स्लाइडबॉक्स आहे. शंभर खाचांचा, सागवानी, झाकणाची एक बिजागरी निघालेली. त्यात माझ्या रेसिडेन्सीच्या काळातल्या स्लाइड्स आहेत आणि सत्तेचाळिसाव्या खाचेत मामाची आहे. लेबलवरची शाई तपकिरी झाली आहे. 'ऑगस्ट १९९३' एवढंच काय ते वाचता येतं. लेशमनचा रंगही उतरलाय, जे जांभळं होतं ते आता धुवट निळं दिसतं. तरी ऑइलचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरली, की ती गर्दी आजही तशीच्या तशी समोर येते.

निरोगी माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी शोधाव्या लागतात. तांबड्या पेशींच्या गालिच्यावर इथे एक, तिथे एक. मामाच्या स्लाइडवर तांबड्या पेशी शोधाव्या लागतात. आणि नुसती गर्दी नाही. पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, तिथेच लहानाच्या मोठ्या होतात, आणि पुरत्या तयार झाल्यावरच रक्तात उतरतात. मामाच्या रक्तात सगळ्या वयाच्या पेशी एकदम रस्त्यावर आल्या होत्या. पाळण्यातली, रांगती, शाळकरी, मिसरूड फुटलेली, म्हातारी. एखाद्या गावात काही आक्रीत घडलं की घराघरांतून सगळे बाहेर पडतात, तसं. असं चित्र दिसलं की पॅथॉलॉजिस्टला दुसरं काही विचारावं लागत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. आम्ही सीएमएल म्हणतो.

मामा शिराळ्याच्या बाजूला एसटीत कंडक्टर होता. त्याची तक्रार काय, तर तिकिटांची चामडी पिशवी डाव्या कुशीला टोचते. चौदा वर्षं तीच पिशवी तिथेच होती, आताच का टोचते? त्याने पट्टा उजव्या खांद्यावर घेतला, मग लांब केला, मग पिशवी हातात धरायला लागला. आजी म्हणाली, पाणथरी वाढलीय, डाग देऊन आण. डाग दिला नाही, पण आजीचं निदान बरोबर होतं. प्लीहा बेंबीपर्यंत आली होती. मी तेव्हा एमडीच्या पहिल्या वर्षाला होते. रक्त मीच काढलं. नळी स्टँडला लावून ठेवली आणि तासाभराने पाहिली, तर तांबड्या थराच्या वर एरवी दोऱ्याएवढी पांढुरकी रेघ असते, तिथे बोटभर साय होती. पांढऱ्या पेशींचा काउंट २ लाख ६० हजार. अकरा हजारांच्या आत हवा.

मायक्रोस्कोपमधून मी त्याला त्याचं रक्त दाखवलं. दाखवायला नको होतं की काय, हे मी पुढे अनेकदा मनाशी घोळवलं. त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाळ, ह्या अशा वाढत चालल्यात, तर ह्यांना सांगतंय कोण?"

मी म्हणाले, "ते अजून कळलेलं नाही, मामा."

ते खरं नव्हतं. कळलेलं होतं. मी परीक्षेसाठी 'फिलाडेल्फिया क्रोमोसोम' हे शब्द पाठ केले होते, व्हायव्हात ते धडाधड सांगितलेही होते. पण ते मामाच्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ही गोष्ट मला अजून लागते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

पेशी आपल्या मनाने काही करत नाही. वाढायचं, दुभंगायचं, थांबायचं, मरायचं, यातली प्रत्येक गोष्ट तिला कुणीतरी कळवावी लागते. पाठ्यपुस्तकात याला संदेशवहन म्हणतात. मला निरोप हा शब्द जास्त जवळचा वाटतो. बाहेरून निरोप येतो, पेशीच्या दारावरचा रिसेप्टर तो घेतो, आत कुणाला तरी सांगतो, तो पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला, असं करत तो केंद्रकापर्यंत पोचतो. तोंडाची भाषा तिथे नाही. भाषा आहे फॉस्फेटची. कायनेज नावाची एन्झाइम्स एटीपीवरचा, म्हणजे पेशीच्या इंधनावरचा, एक फॉस्फेट उचलतात आणि दुसऱ्या प्रथिनाच्या ठरावीक जागी चिकटवतात. तो चिकटला, की ते प्रथिन जागं होतं. काम झालं की दुसरी एन्झाइम्स तो फॉस्फेट काढून घेतात आणि प्रथिन पुन्हा गप्प होतं. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून जास्त कायनेजेस आहेत. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात; त्यातली नव्वदच्या आसपास कायनेजेस टायरोसिन या एकाच अमिनो आम्लावर काम करतात, आणि वाढीचे बरेच मोठे निरोप ह्यांच्याच हातून जातात.

टायरोसिनचं हे कळलं तेसुद्धा विलक्षण रीतीने. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर ट्यूमर करणाऱ्या विषाणूंच्या प्रथिनांवर काम करत होते. फॉस्फेट कुठल्या अमिनो आम्लावर बसतो हे बघायचं होतं. सेरीन आणि थ्रिओनिन ही दोनच माहीत होती. त्या दिवशी त्यांनी अमिनो आम्लं वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटी करायचं द्रावण, म्हणजे बफर, नवं न बनवता जुनंच वापरलं. वापरून वापरून त्याची आम्लता थोडी सरकली होती, आणि एरवी जो ठिपका थ्रिओनिनच्या ठिपक्यात मिसळून गेला असता तो वेगळा पडला. तो टायरोसिनचा होता.

पण सीएमएलची कथा याच्याही आधीची आहे. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक क्रोमोसोम आखूड दिसला. तोच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. नोवेल पॅथॉलॉजिस्ट, माझ्याच धंद्यातले. पेशी त्यांनी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या, त्या पाण्याने पेशी फुगल्या आणि आतले क्रोमोसोम मोजता येतील असे सुटे पसरले. आखूड कशामुळे, ते मात्र तेरा वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

ते सांगितलं जॅनेट राऊली यांनी. शिकागोच्या डॉक्टर. चार मुलगे, त्यामुळे बरीच वर्षं नोकरी आठवड्यातून काही दिवसच. क्रोमोसोमवर चमकते पट्टे उमटवण्याची रीत तेव्हा नवीन होती, ती त्या ऑक्सफर्डला शिकून आल्या होत्या. फोटो घरी आणायच्या, जेवणाच्या टेबलावर पसरायच्या, कात्रीने एकेक क्रोमोसोम कापायचा आणि जोड्या लावायच्या. आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते म्हणून पोरं चिडवायची. असंच जोड्या लावता लावता त्यांच्या लक्षात आलं, की बाविसाव्याचा जो तुकडा गायब आहे तो नवव्याच्या टोकाला जाऊन बसलाय. हरवलेला नाही, अदलाबदल झालेली आहे. १९७३ साली ते छापून आलं. मला ते टेबल फार डोळ्यांसमोर येतं. त्यावर थोड्या वेळाने ताटं मांडायची असणार, मग हे सगळं गोळा करून ठेवायचं असणार. पेशीच्या गाभ्यातली चूक शोधणारं काम घरातल्या इतर कामांच्या मधल्या फटीत होत होतं. ज्या बाईने घरची भाजी निवडता निवडता अभ्यास केलाय, तिला हे सांगायला नको.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बाकीचं उलगडलं. नवव्या क्रोमोसोमवर एबल नावाचं जनुक असतं, ते टायरोसिन कायनेज बनवतं. एरवी ते दाबात असतं. अदलाबदलीत ते बाविसाव्यावरच्या बीसीआर नावाच्या जागेला जाऊन जुळतं, आणि दोघांचं मिळून जे जोडप्रथिन तयार होतं त्याला थांबणं माहीतच नसतं. बाहेरून कुणीही निरोप पाठवलेला नाही, दारावर कुणी आलेलं नाही, आणि आत मात्र 'वाढा, वाढा' असं अखंड सांगणं चाललंय. १९९० साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने हे एकटं जोडजनुक उंदरांच्या मज्जेत घातलं, आणि उंदरांना सीएमएलसारखाच आजार झाला.

म्हणजे मामाने विचारलं त्याच्या तीन वर्षं आधी उत्तर छापून झालं होतं. बीसीआर-एबल. सांगणारा हाच.

आता ब्रायन ड्रकर. मिनेसोटाचे, कर्करोगाचे डॉक्टर, बॉस्टनला डाना-फार्बर या कर्करोग संस्थेत रुग्ण बघत होते आणि सोबत प्रयोगशाळेत टायरोसिनवरचा फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी बनवण्यात होते. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो या दुहेरीपणासाठी. प्रयोगशाळेतल्या माणसाला कायनेज दिसतं, वॉर्डातल्या डॉक्टरला सुजलेली प्लीहा दिसते. दोन्ही एकाच डोक्यात असतील तरच कुणाला सुचेल, की हे एन्झाइम आणि ही प्लीहा एकच गोष्ट आहे आणि एन्झाइम गप्प केलं तर प्लीहा खाली बसेल. मी त्या काळात दोन्ही बघत होते. मला नाही सुचलं.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझलला सीबा-गायगी या कंपनीत निक लायडन आणि त्यांचे सहकारी कायनेज रोखणारे रेणू बनवत होते. ते तेव्हा जाणकारांना पटत नव्हतं. सगळ्या कायनेजेसमध्ये एटीपी बसायची खोबण साधारण सारखीच. एकाची खोबण बुजवायला जावं तर पाचशेंच्या बुजतील, आणि मग माणूस कसा जगेल? पण रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमान रेणूत एकेक फरक करून बघत राहिले. एका जागी मिथाइलचा इवलासा गट लावला, आणि रेणू एका नको त्या कायनेजला चिकटायचा थांबला. असं एक एक करत शेवटी असा रेणू हाती आला, जो एबलला, आणि जवळच्या दोन-तीन कायनेजेसना, तेवढा धरतो.

१९९३ साली ड्रकर बॉस्टन सोडून ओरेगॉनमध्ये पोर्टलंडला गेले आणि त्यांनी लायडनना फोन करून रेणू मागवले. हे वर्ष मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान खाली ठेवलं. त्याच वर्षी मामाची पिशवी त्याला टोचायला लागली होती.

१९९६ साली त्यांचा निबंध आला. बशीतल्या सीएमएलच्या पेशींवर औषध टाकलं, तर त्यांच्या वसाहती ९२ ते ९८ टक्क्यांनी घटल्या. निरोगी पेशींना जवळजवळ काही झालं नाही. याच सुमारास सीबा-गायगी आणि सँडोझ एक होऊन नोव्हार्टिस झाली. कंपनीत उत्साह थोडा होता, कारण या आजाराचे रुग्ण थोडे. कुत्र्यांवरच्या चाचणीत यकृताला त्रास दिसला, तीही भीती. ड्रकर पाठपुरावा करत राहिले. अखेर जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णांना गोळी मिळाली. पोर्टलंडमध्ये ड्रकर, लॉस एंजेलिसला चार्ल्स सॉयर्स, ह्यूस्टनला मोशे तलपाझ.

मामा १९९७ च्या श्रावणात गेला.

त्याला आम्ही टाटाला नेलं होतं. बोनमॅरो ट्रान्सप्लांट हा तेव्हा एकच पक्का उपाय होता. देशातलं पहिलं तिथेच १९८३ साली झालेलं. माझ्या आईचं रक्त तपासलं, जुळलं नाही. सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता चारातली एक, हे मी तिला किती वेळा सांगितलं, पण आईने ते स्वतःचा दोष म्हणून घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. मग हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल. त्यांनी काउंट खाली येतो, प्लीहा थोडी बसते, माणूस कामावर जातो. मामा जवळजवळ साडेतीन वर्षं कामावर गेला. पण ते गर्दी पांगवणं झालं. आतला सांगणारा सांगतच होता. चौथ्या वर्षी ब्लास्ट क्रायसिस झाला. पाळण्यातल्याच पेशी सगळीकडे, मोठी होणारी एकही नाही. मग सहा आठवडे.

तिन्ही शहरांतल्या त्या पहिल्या चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेतलेले ५४ रुग्ण होते. त्यातल्या ५३ जणांचं रक्त मोजणीला पूर्णपणे ठीक झालं. मी आयुष्यभर आकडे बघत आले आहे, असा दुसरा पाहिलेला नाही. रुग्णांमध्ये बातमी फुटली. १९९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका रुग्ण स्त्रीने, औषध जास्त बनवा म्हणून कंपनीला अर्ज केला आणि त्यावर तीन हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. १० मे २००१ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. औषध इमॅटिनिब, कंपनीने त्याला दिलेलं नाव ग्लिव्हेक.

आपल्याकडे पुढची लढाई किमतीची. कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च तेव्हा साधारण १ लाख २० हजार रुपये, भारतीय कंपन्यांच्या गोळीचा आठ-दहा हजार. नोव्हार्टिसने हजारो भारतीय रुग्णांना मदत योजनेतून औषध फुकट दिलं, हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण दान हा हक्क नव्हे. औषधाच्या नव्या स्फटिकरूपावर पेटंट मागितलं गेलं, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानेही. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांचं ते खंडपीठ. कायद्याचं कलम ३(ड) सांगतं, की जुन्याच पदार्थाचं नवं रूप काढलं तर ते आधीपेक्षा जास्त गुणकारी असल्याचं दाखवा, तरच पेटंट. त्या दिवशी दुपारी लॅबमध्ये टीव्हीवर पट्टी फिरत होती. मी काम थांबवून उभी राहिले.

माझ्याकडे एक बाई येते. ब्लाउज शिवते. २००९ साली सत्ताविसाव्या वर्षी तिला सीएमएल निघाला. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा आजार तरुणपणी दिसतो. रोज जेवणानंतर ४०० मिलिग्रॅमची गोळी आणि मोठा पेलाभर पाणी. सुरुवातीला मदत योजनेतली, मग भारतीय कंपनीची. तीन महिन्यांत तिचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, माझ्यातुमच्यासारखा झाला. दर सहा महिन्यांनी बीसीआर-एबलचा नमुना मुंबईला जातो आणि गेली कित्येक वर्षं तिथून 'सापडलं नाही' असंच येतं.

औषध फुकट काही देत नाही. तिच्या डोळ्यांखाली सकाळी सूज असते. पोटऱ्यांत गोळे येतात, आणि तिची पायमशीन होती. पायडल मारता मारता पाय धरायची. दोन वर्षं शिलाईतले पैसे बाजूला टाकून तिने मशीनला मोटर बसवून घेतली. आणि तिचा रंग उजळला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, कुठली क्रीम लावतेस? सासूला वाटलं कोड फुटतंय. दोन्ही नव्हतं. इमॅटिनिब एबलबरोबर किट नावाच्या कायनेजलाही धरतं, आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना किटकडूनच निरोप मिळतो. तो निरोप थोडा अडला. तिला मी हे कागदावर चित्र काढून सांगितलं. घरी जाऊन तिने ते सासूला सांगितलं, आणि सासू म्हणाली, मग मला पण चार गोळ्या दे. हेच किट पोटातल्या एका जातीच्या गाठीला, जिस्टला, वाढवतं. म्हणून हीच गोळी २००२ पासून त्या गाठीवरही देतात.

वर्तमानपत्रांनी त्या वेळी जादूची गोळी असं लिहिलं. मला ते आवडलं नव्हतं. सीएमएल हा एका निरोपाचा कर्करोग आहे, निदान सुरुवातीच्या टप्प्यात. स्तनाचा, फुप्फुसाचा, मोठ्या आतड्याचा कर्करोग असा नसतो. तिथे एक वाट बुजवली तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. सीएमएलमध्येही काहींना औषध लागू पडेनासं होतं. सॉयर्स यांच्या गटाने २००१ मध्येच दाखवलं, की एबलच्या ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं की गोळीला खोबणीत बसताच येत नाही. मग दुसरी औषधं आली, तिसरी आली. आणि ब्लास्ट क्रायसिसमध्ये इमॅटिनिबचा परिणाम आला तरी टिकत नाही. म्हणजे मामाला शेवटच्या सहा आठवड्यांत गोळी मिळून उपयोग नव्हता. १९९३ ला मिळायला हवी होती, तेव्हा ती बाझलच्या बाटलीत होती. हा हिशोब मी कितीदा केलाय आणि प्रत्येक वेळी तो इथेच येऊन थांबतो. मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवरच्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी ८३ टक्के हयात होते. मामा तेव्हा बासष्टचा असता, रिटायर झालेला.

गेल्या महिन्यात ती शिंपीणबाई आली होती. इतकी वर्षं बीसीआर-एबल सापडलेलं नाही, तर गोळी बंद करून बघू का, असं तिच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. ज्यांच्यात वर्षानुवर्षं काही सापडत नाही त्यांच्यापैकी काहींना गोळी सोडता येते. फ्रान्समधल्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्क्यांना सोडता आली, बाकीच्यांना परत सुरू करावी लागली आणि त्यांना तिचा परत गुणही आला. तिला ठरवता येत नव्हतं.

"मॅडम, इतकी वर्षं जेवणानंतर घेतेय. बंद केली तर जेवल्यासारखं वाटायचं नाही मला."

मी म्हणाले, "घाई नाही. डॉक्टरांशी परत बोल, घरी बोल."

रक्त काढून झाल्यावर ती मायक्रोस्कोपकडे बघत म्हणाली, "एकदा बघू का हो? इतकी वर्षं रक्त देतेय, बघितलं कधीच नाही."

मी जरा थांबले. मग तिची स्लाइड वाळवली, रंगवली, ऑइल टाकलं आणि स्टूल पुढे सरकवलं. एक डोळा मिटून तिने बराच वेळ पाहिलं. तांबड्या पेशींचा गालिचा, इथे एक पांढरी, तिथे एक.

"ह्यातल्या आजाराच्या कुठल्या?"

"ह्यात आता कुठलीच दिसत नाही."

"आणि तेव्हा ज्या होत्या, त्या कुठून आल्या होत्या?"

"त्या तुझ्याच होत्या. त्यांना थांब म्हणून कुणी सांगत नव्हतं."

तिने मान हलवली, डोळा लेन्सवरून काढला नाही. बाहेर बाकावर पुढचा पेशंट खोकला. ती उठली, पर्समधून सुटे पैसे काढून मोजले आणि विचारलं, "रिपोर्ट पाचला मिळेल ना? साडेपाचला एकीचा ब्लाउज द्यायचाय."